बेसिनपासून पंचगंगेपर्यंत: वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा पर्यावरणस्नेही करण्याची वाट

प्रयोगशाळेतल्या बेसिनचा नळ बंद करा आणि खाली वाकून पाहा. तो पाइप कुठे जातो? इमारतीमागच्या चेंबरमध्ये. आणि तिथून? आमच्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा निघाला तेव्हा कुणालाच उत्तर देता आलं नाही, इतकी वर्षं तिथे काम करणाऱ्या मलाही नाही. शेवटी प्लंबिंगचं काम पाहणाऱ्या मामांनी एकेक झाकण उघडून वाट दाखवली. कोल्हापुरात सांडपाणी कुठूनही निघालं तरी उतार पंचगंगेकडेच आहे. काही पाणी कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रातून जातं, काही नाल्यातून तसंच. पुढे तीच नदी इचलकरंजीला वळसा घालून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. मधल्या प्रत्येक गावाच्या काठावर मोटारी आहेत, जनावरांचे पाणवठे आहेत.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र मैला आणि सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेलं असतं. ऊतकं टिकवायचं फॉर्मॅलिन, अँटिबायोटिक किंवा डीएनए रंगवायचं इथिडियम ब्रोमाइड काढून टाकणं हे त्याचं काम नाही. रोग समजून घेण्यासाठी आपण ज्या खोलीत राबतो, तिथून खालच्या गावांकडे रोगाचं कारण वाहत जाऊ नये, एवढ्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहे. विद्यानगर, शेंडा पार्क, कसबा बावडा या परिसरांत संशोधन करणाऱ्या कुणालाही यातलं बहुतेक काम उद्यापासून सुरू करता येईल. पुष्कळशा गोष्टींना पैसे लागत नाहीत, पण वही मात्र लागते.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त मोजा

आल्या आल्या काही बदलू नका. आधी संध्याकाळी सात वाजता, सगळे घरी गेल्यावर, वही घेऊन प्रयोगशाळेत एक फेरी मारा आणि चालू दिसेल ते प्रत्येक यंत्र लिहा. वॉटर बाथ, हॉट एअर ओव्हन, कुणीही न वापरणारा शेकर, जैवसुरक्षा कॅबिनेटचा पंखा, संगणक. यादी पाहून तुम्हालाच नवल वाटेल.

मग प्लगला लावायचा वीजमापक विकत घ्या. सोळा अँपिअरचा घ्या, कारण साधा सहा अँपिअरचा मोठ्या यंत्रांना चालत नाही. प्रत्येक यंत्राला तो निदान एक पूर्ण दिवस लावा. फ्रीजरसारखं यंत्र मध्येच बंद-चालू होत असतं, त्यामुळे तासाभराचा आकडा फसवा निघतो. पाण्यासाठी १० लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. कचऱ्यासाठी ताणकाटा घ्या आणि प्रत्येक रंगाची पिशवी बाहेर जाण्याआधी वजन करून लिहा.

या कामात पहिल्या दिवसापासून काचसामान धुणाऱ्या मावशींना आणि अटेंडंट मामांना बसवा. कोणता नळ गळतो, कोणता विद्यार्थी अर्धीच भरलेली पिशवी बांधून टाकतो, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) दिवसातून किती वेळा लागतो, हे त्यांना माहीत असतं. प्राध्यापकांच्या बैठकीत ठरलेले आणि मावशींना न सांगितलेले नियम आठवडाभरही टिकत नाहीत.

दुसरी पायरी: उणे ८० चा फ्रीजर

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. नमुने साठवायचा उणे ८० अंशांचा जुना फ्रीजर दिवसाला १६ ते २५ युनिट वीज खातो. २० धरले तर वर्षाचे ७,३०० युनिट होतात. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका फ्रीजरमागे वर्षाला पाच टन. युनिटला १० रुपये दर धरला तर ७३ हजार रुपये. हा आकडा विभागप्रमुखांसमोर ठेवा. पर्यावरणाबद्दल बोलून उघडलं नाही ते दार वीजबिलाने उघडतं, असा माझा अनुभव आहे.

आता करायचं काय?

यादी आधी. फ्रीजर उघडून एका वेळी एकच रॅक बाहेर काढा, तीही कोरड्या बर्फावर. दोघे मिळून करा: एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. प्रत्येक खोक्यात काय आहे, कुणाचं आहे, कोणत्या वर्षीचं आहे आणि कोणत्या प्रकल्पाचं, हे चार रकाने पुरतात. आमच्या फ्रीजरमध्ये अशी खोकी निघाली की ज्यांच्या मालकांची पीएचडी होऊन ते कधीच दुसऱ्या शहरात गेले होते. लेबलं बॉलपेनने लिहिलेली, शाई पार उडालेली. फोन करून विचारलं तर बहुतेकांनी "टाका सर" म्हणूनच सांगितलं. अशा खोक्यांसाठी आपण वर्षानुवर्षं वीज जाळत असतो.

मात्र माणसांचे नमुने असतील तर थांबा. रक्त, ऊतक, सीरम देताना त्या व्यक्तीने दिलेल्या संमतिपत्रात नमुना किती काळ ठेवायचा आणि पुढे त्याचं काय करायचं, हे लिहिलेलं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्येही साठवलेल्या जैविक नमुन्यांचा स्वतंत्र विचार आहे. संमतिपत्र पाहा, नैतिकता समितीला लेखी कळवा, आणि मगच नमुना नष्ट करा. नोंद कायम ठेवा. कुणीतरी आजारपणात, विश्वासाने दिलेलं ते रक्त आहे. जागा मोकळी करायची म्हणून ते असंच टाकून देता येत नाही.

मग तापमान. फ्रीजर उणे ८० वरून उणे ७० वर आणला की वीज सुमारे ३० टक्के वाचते. २० युनिट खाणाऱ्या फ्रीजरचे दिवसाला सहा, वर्षाला २,१९० युनिट. डीएनए, आरएनए, प्रथिनं, ग्लिसरॉलमधले जिवाणू असे बहुतेक नमुने उणे ७० ला सुखरूप राहतात, आणि जगातल्या अनेक विद्यापीठांनी वर्षानुवर्षं तसं करून पाहिलं आहे. शुद्ध केलेल्या डीएनएला तर उणे २० पुरतं. तरी कुणावर लादू नका. आधी उणे ७५ ला आणा, आठवडाभर रोज आकडा लिहा, मग ७० ला. अलार्मची मर्यादाही त्याच वेळी बदला, नाहीतर रात्रभर घंटा वाजत राहील. ज्याला आपल्या एखाद्या नमुन्याची खरोखर धास्ती आहे त्याचं खोकं एका ठरावीक फ्रीजरमध्ये उणे ८० लाच ठेवा. उरलेल्यांचं काम अडत नाही.

देखभाल मात्र कुणी करत नाही, आणि तिथेच मोठी गळती आहे. पुढच्या जाळीतला फिल्टर महिन्यातून एकदा काढून धुवा. उन्हाळ्यात कोल्हापुरात रस्त्यांची धूळ, डिसेंबरनंतर गुऱ्हाळांचा धूर आणि काजळी. दोन्ही त्या जाळीत येऊन बसतात. भिंत आणि फ्रीजर यांत वीतभर जागा ठेवा. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर गेलं. बर्फ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवडा, सुरीने कधीही नाही. आणि दोन अर्धे भरलेले फ्रीजर असतील तर एक पूर्ण भरून दुसरा बंद करा. यादी झाल्यावर ही शक्यता हमखास समोर येते.

नवा घेताना निविदेत दोन ओळी घाला. २४ तासांत किती युनिट खातो ते कंपनीने लेखी द्यावं, आणि शीतक वायू हायड्रोकार्बन असावा. जुन्या यंत्रांतल्या आर-४०४ए सारख्या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास चार हजार पट आहे, हायड्रोकार्बनची नगण्य. हायड्रोकार्बनचे चांगले फ्रीजर दिवसाला आठ-दहा युनिटमध्ये भागवतात. सरकारी खरेदीत सगळ्यात कमी किमतीच्या निविदेला काम जातं, हे खरं. पण तांत्रिक अटी लिहिणारे आपणच असतो. अट नीट लिहिली तर वीज खाणारं यंत्र किमतीच्या पाकिटापर्यंत पोचतच नाही.

तिसरी पायरी: बाकीची यंत्रं

इथे फार बोलण्यासारखं नाही, सवयीच लावायच्या आहेत. एसी २४ वर ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जैवसुरक्षा कॅबिनेट काम संपल्यावर पाच मिनिटं चालवून बंद करा आणि अतिनील दिवा रात्रभर जाळू नका. फ्यूम हूडची, म्हणजे रसायनांच्या वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाची, काच खाली ओढून ठेवा, कारण ती उघडी राहिली तर एसीची थंड हवा सरळ छपरावर जाते. पाऊस सरला की काचसामान जाळीवर पालथं घातलं तर रात्रीत वाळतं. मोजमापाचे फ्लास्क आणि पिपेट तर ओव्हनमध्ये घालूच नयेत, त्यांचं माप बिघडतं.

ऑटोक्लेव्हबद्दल मात्र दोन शब्द जास्त. आतलं पाणी तापवायला तेवढीच वीज लागते, मग आत दोन बाटल्या असोत की वीस. म्हणून दारावर वेळापत्रक लावा: माध्यमं (जंतू वाढवायची पोषक द्रव्यं) आणि पाणी सकाळी ११ ला, कचरा दुपारी ४ ला. माध्यमांना १२१ अंशांवर १५ मिनिटं सहसा पुरतात. कचऱ्याला नियमाप्रमाणे १२१ अंश, १५ पौंड दाब आणि ६० मिनिटं हवीत. दोन्ही एकत्र लावले तर एक तर माध्यम करपतं नाही तर कचरा कच्चा राहतो. पिशवीचं तोंड सैल ठेवा, वाफ आत शिरली पाहिजे. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) घातलेली कोणतीही वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये जाता कामा नये, क्लोरीन बाहेर पडतो.

चौथी पायरी: पाणी

राधानगरीचं धरण बांधणाऱ्या राजाच्या गावात राहून आपण पाणी कसं वापरतो, हे बादली लावून पाहा. नळाला लावायचा निर्वात पंप, म्हणजे गाळणी करताना पाण्याच्या धारेवर चालणारा तो छोटा काचेचा किंवा प्लास्टिकचा जोड, हा सगळ्यात मोठा चोर. १० लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर तासाला ४०० लिटर चांगलं पाणी मोरीत गेलं. त्याच्या जागी डायफ्रॅम पंप घ्या. निधी नसेल तर वीस-पंचवीस लिटरच्या टाकीतून तेच पाणी फिरवत राहा.

डिस्टिलेशनच्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ गार करणाऱ्या नळीचं, तसंच. त्यातून वाहणारं पाणी घाण होत नाही, फक्त कोमट होतं. कूलरमध्ये असतो तो छोटा बुडवायचा पंप प्लास्टिकच्या ड्रममध्ये सोडा, नळी कंडेन्सरला जोडा आणि दुसरं टोक परत ड्रममध्ये. आमच्याकडे सॉक्सलेट, म्हणजे द्रावकाने अर्क काढायचं उपकरण, याच जोडणीवर चालतं. मे महिन्यात पाणी तापतं, तेव्हा ड्रममध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टाकतो.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. त्या नळीखाली टाकी ठेवा आणि ते पाणी फरशी, स्वच्छतागृह, काचसामानाची पहिली विसळ यांसाठी वापरा. शेवटची विसळ शुद्ध पाण्याने करताना फ्लास्क एकदाच काठोकाठ भरू नका. थोडं थोडं पाणी घालून तीनदा हिंदळा. पाणी कमी लागतं आणि फ्लास्कही जास्त स्वच्छ निघतो.

पाचवी पायरी: प्लास्टिक आणि चार रंग

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांनी २०१४ मध्ये जगभर सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक कचरा केला, असा अंदाज ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडला होता. आपल्या पिशव्या तोलल्यावर तो आकडा खोटा वाटत नाही.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतले रंग सगळ्यांना पाठ असतात. गोंधळ पिशवीसमोर उभं राहिल्यावर होतो. पिवळ्यातलं जाळलं जातं. लाल पिशवीतलं प्लास्टिक, म्हणजे नळ्या, सुईविना सिरिंज, हातमोजे, निर्जंतुक करून पुनर्चक्रणाला जातं. सुया-पाती पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. हातमोज्याचं खोकं, टिप्सचं (पिपेटच्या प्लास्टिकच्या टोकांचं) वेष्टन, किटची माहितीपत्रिका यांना यातला एकही रंग लागू नाही, ते महापालिकेच्या सुक्या कचऱ्यात जायला हवं. प्रत्यक्षात तेच पिवळ्यात सगळ्यात जास्त सापडतं. कारण साधं आहे: टेबलाशेजारी पिवळा डबा असतो आणि सुक्याचा डबा दाराबाहेर. म्हणून सुक्याचा डबा आत, टेबलाच्या उजव्या हाताला आणा. एवढ्याने पिवळी पिशवी किती हलकी होते ते ताणकाट्यावर दिसेल.

जिवाणूंच्या वाढीसाठी वापरलेल्या प्लास्टिकच्या पेट्री डिश नियमाने पिवळ्यातच जातात, आणि त्याही आधी जागेवरच निर्जंतुक करून. त्यासाठी ऑटोक्लेव्हच बरा. क्लोरीनयुक्त द्रावणात भिजवलेलं प्लास्टिक भट्टीत गेलं तर डायॉक्सिन तयार होण्याचा धोका असतो, म्हणून नियमातही क्लोरीनविरहित प्रक्रियाच सांगितली आहे. कच्चा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नका. शनिवार-रविवारचा हिशेब आधीच करा.

यातून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे काचेच्या पेट्री डिश. जुन्या कपाटांत त्या गठ्ठ्याने पडलेल्या असतात. नेहमीचं जिवाणूंचं काम, विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं, माध्यमांच्या बाटल्या, पिपेट, हे सगळं काचेवर उत्तम चालतं. पेशीसंवर्धन, आरएनए आणि धोकादायक जंतू यांसाठी प्लास्टिक वापरावं लागतं, तिथे हट्ट धरू नका. पण तिथेही टिप्सचे रॅक टाकून न देता भरणीची पाकिटं मागवता येतात, आणि २५ मायक्रोलिटरची पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) पुष्कळदा दहामध्येही होते. त्यात प्लास्टिक तेवढंच लागतं, पण महागडं रसायन निम्म्याहून कमी. एक मात्र सांभाळा: काच वाढवली की धुण्याचं काम वाढतं. मावशींची पाळी, त्यांचे जाड हातमोजे, त्यांचं बसायचं स्टूल याची तजवीज केल्याशिवाय हा बदल करू नका.

सहावी पायरी: बेसिनमध्ये काय जाणार नाही

प्रत्येक बेसिनवर मराठीत, ठळक अक्षरांत पाटी लावा. आमची अशी:

फॉर्मॅलिन नाही. झायलीन नाही. क्लोरोफॉर्म, फिनॉल नाही. इथिडियम ब्रोमाइड नाही. अँटिबायोटिक घातलेलं माध्यम नाही. सोडियम अझाइड नाही.

प्रत्येकाचं कारण विद्यार्थ्यांना समजावून सांगा, कारण नुसत्या पाटीकडे चार दिवसांनी कुणी पाहत नाही. अझाइड तांब्याच्या किंवा शिशाच्या पाइपात साचलं तर त्याचे स्फोटक क्षार होतात. अँटिबायोटिक ऑटोक्लेव्ह केलं की संपलं असा समज आहे. पेनिसिलिनच्या कुळातली बरीचशी उष्णतेने मोडतात, पण सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी टिकून राहतात. ती नदीत गेली की जिवाणूंना प्रतिकाराची तालीमच मिळते, आणि तेच जिवाणू उद्या दवाखान्यात आपल्यासमोर येतात.

टाकाऊ द्रावणांसाठी झाकणाचे कॅन ठेवा: क्लोरीनयुक्त द्रावकांचा एक, बिनक्लोरीनच्या द्रावकांचा एक, फॉर्मॅलिनचा वेगळा. कॅनवर नाव, सुरुवातीची तारीख आणि भरणाऱ्याची सही. धोकादायक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो कुणाकडे द्यायचा आणि संस्थेचा परवाना चालू आहे का, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूरच्या कार्यालयात एकदा जाऊन विचारून घ्या. फोनवर हे काम होत नाही.

एक इशारा जिवाच्या तळमळीने देतो. आरएनए-डीएनए काढायच्या किटमध्ये ग्वानिडिन थायोसायनेट असतं. त्याच्या उरलेल्या द्रावणात हायपोक्लोराइट ओतू नका, विषारी वायू निघतो. फॉर्मॅलिनमध्येही नको आणि आम्लातही नको. कोविडच्या काळापासून "सगळ्यावर हायपो" ही सवय हातात बसली आहे, ती मोडायलाच हवी.

शक्य तिथे रसायनच बदला. जेलसाठी इथिडियम ब्रोमाइडऐवजी कमी धोक्याचे रंग मिळतात. ऊतकांच्या कामात झायलीनला पर्यायी द्रावक आहेत. आधी दहा स्लाइड दोन्ही पद्धतींनी करून पॅथॉलॉजिस्टना न सांगता तपासायला द्या. त्यांना फरक कळला नाही तर बदल पक्का करा.

सातवी पायरी: मार्चअखेर

निधी ३१ मार्चच्या आत खर्ची घालायचा म्हणून फेब्रुवारीत रसायनांची मोठी ऑर्डर जाते, आणि दोन वर्षांनी त्यातल्या निम्म्या बाटल्या मुदत संपून कपाटात उभ्या असतात. न उघडलेली बाटली धोकादायक कचरा म्हणून देणं, त्यासाठी परत पैसे मोजणं, हे पाहून जीव तुटतो. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: ऑक्टोबरमध्ये कपाटांची मोजदाद, त्याची सगळ्या विभागांना दिसेल अशी एक शीट, आणि नवी मागणी करण्याआधी त्या शीटवर शोध. शेजारच्या विभागात अर्धा किलो पडून असेल तर नवं मागवायचं नाही. एन्झाइमसारख्या थंड मालाची ऑर्डर महिन्यातून एकदाच, तीन-चार प्रयोगशाळांनी मिळून द्या. थर्मोकोलची खोकी आपोआप कमी येतात. आलेली खोकी आणि जेलचे पॅक गावागावांतून नमुने आणायला वापरा.

प्राणीगृह असेल तर तिथलं पहिलं काम नियोजनाचं: संख्याशास्त्रज्ञाला आधी भेटून कमीत कमी प्राण्यांत प्रयोग कसा बसेल ते पाहा, आणि प्रयोग संपल्यावर ऊतकं दुसऱ्या विभागाला हवी आहेत का विचारा. प्राणी कमी झाले की तूस, खाद्य, हवा खेळवायची वीज आणि जाळायचा कचरा, सगळंच कमी होतं.

आपण कुठे आहोत हे बाहेरच्या मोजपट्टीवर पाहायचं असेल तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तयार केलेली 'लीफ' नावाची चौकट आहे, कांस्य ते सुवर्ण अशा तीन पातळ्यांची. फ्रीजरसाठी दरवर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरते. प्रमाणपत्रापेक्षा त्यांच्या प्रश्नावल्या जास्त कामाच्या आहेत.

आठवी पायरी: मेच्या शेवटच्या आठवड्यात

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा शहरात शिरली, महामार्ग बंद पडला, शहराचं पाणी तुटलं. अशा दिवसांत वीज गेली की डिझेल मोजून वापरावं लागतं आणि कोरडा बर्फ येत नाही. तेव्हा दुसऱ्या पायरीतली फ्रीजरची यादी तारून नेते.

पावसाआधी त्या यादीतली पुन्हा कधीच मिळणार नाहीत अशी खोकी निवडा, त्यांना लाल पट्टी लावा आणि सगळी एकाच फ्रीजरच्या मधल्या कप्प्यात आणा. वाचवायचा तो एक फ्रीजर, जनित्राची पहिली जोडणी त्याला. तळमजल्यावर असेल तर वर हलवा. रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, त्यांनी गारवा जास्त तास धरून राहतो. द्रावणांचे कॅन जूनआधी रवाना करा आणि उरलेले जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर ठेवा; पुराच्या पाण्यात सुटलेला फॉर्मॅलिनचा कॅन कुणाच्या दारात जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

यादीच्या तीन प्रती काढा. एक फ्रीजरच्या दारावर, एक विभागप्रमुखांकडे आणि एक सुरक्षारक्षकाच्या खोलीत, शेजारी दोन फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून. रात्री दोनला अलार्म वाजतो तेव्हा इमारतीत तोच असतो.